पावडर गनमधली सुधारणा पेटंटच्या अर्जापर्यंत कशी न्यावी

भोसरी, चाकण, वाळूज किंवा सातपूर इथल्या एखाद्या पावडर कोटिंगच्या (धातूच्या वस्तूवर रंगाची कोरडी पावडर फवारून ती ओव्हनमध्ये वितळवून थर बसवण्याच्या) शेडमध्ये गेलात, तर फवारणाऱ्या गनवर, तिला पावडर पुरवणाऱ्या पंपावर नाहीतर पावडर साठवणाऱ्या हॉपरवर मालकाने किंवा ऑपरेटरने स्वतःच्या हाताने केलेला एखादा तरी फेरफार दिसतोच. कुठे होजला तांब्याची तार गुंडाळलेली असते, कुठे हॉपरच्या बुडाशी छोटा व्हायब्रेटर बसवलेला असतो, तर कुठे नोझलच्या तोंडाशी पावडर पसरवणारा डिफ्लेक्टर घासून वेगळ्याच आकाराचा केलेला असतो. यातले बहुतेक फेरफार त्या दिवसापुरते असतात. मात्र क्वचित एखादा खरोखरच शोध असतो, आणि तो कागदावर न आल्यामुळे चार-दोन वर्षांत दुसऱ्याच्या कॅटलॉगमध्ये छापून येतो. आपल्या हातून झालेली सुधारणा या क्वचित प्रकारातली आहे का, हे कसे तपासावे आणि असल्यास पेटंटचा अर्ज कसा तयार करावा, ते इथे सांगतो.

आधी दोष लिहा, उपाय नंतर

वहीच्या पहिल्या पानावर उपाय लिहू नये. यंत्राचा कोणता भाग कोणत्या परिस्थितीत काय बिघडवतो, हे दोन-तीन वाक्यांत लिहावे, कारण या क्षेत्रातला जवळजवळ प्रत्येक भाग एखाद्या ठरावीक दोषावरचा उतारा म्हणूनच जन्मला आहे. जर्मनीत एर्विन गेमर यांनी १९५३ साली ज्या पद्धतीसाठी पेटंटचा अर्ज केला, तिच्यात तापवलेला जॉब (ज्यावर थर द्यायचा ती वस्तू) हवेने उकळत ठेवलेल्या पावडरीत बुडवला जाई. पण तसा थर जाड बसे आणि जॉब आधी तापवावा लागे. पुढे विद्युतभार देऊन गार जॉबवरच पावडर चिकटवणारी गन आली, तेव्हा थर ६० ते ८० मायक्रॉनपर्यंत खाली आला. त्या गनला उच्च दाबाची वीज बाहेरच्या पेटीतून जाड केबलने येत असे. केबल जड, ताठर आणि तुटली तर धोक्याची, म्हणून व्होल्टेज वाढवणारा कॅस्केड गनच्या नळीतच बसवला गेला आणि केबलमधून केवळ कमी व्होल्टेजचा प्रवाह येऊ लागला. अशा, म्हणजे टोकाच्या इलेक्ट्रोडने भार देणाऱ्या कोरोना गनची पावडर पेटीसारख्या जॉबच्या आतल्या कोपऱ्यात शिरत नाही, कारण विद्युतक्षेत्राच्या रेषा जवळच्या कडांकडेच वळतात. त्यावर इलेक्ट्रोडच काढून टाकून टेफ्लॉनच्या नळीशी होणाऱ्या घर्षणाने पावडरीला धन भार देणारी ट्रायबो गन आली. तिला पावडरही घर्षणाने भार घेणाऱ्या खास प्रतीची लागते, हा तिचा वेगळा त्रास.

म्हणून ‘गन चांगली चालते’ हे वाक्य पेटंटच्या कामाचे नाही. ‘१०० मिलिमीटर खोल चॅनेलच्या तळाशी थर काठापेक्षा निम्मा बसतो’ हे वाक्य कामाचे आहे.

मोजल्याशिवाय पुढे जाऊ नये

सुधारणा आहे की भास आहे, हे वजनकाट्यावर आणि मायक्रॉन मोजणाऱ्या गेजवरच ठरते. त्याआधी तीन गोष्टी स्थिर कराव्या लागतात. पहिली म्हणजे अर्थिंग: जॉब टांगायचा हूक आणि अर्थ यांच्यामधला रोध मेगरने (मोठा रोध मोजणाऱ्या मीटरने) मोजावा, तो १ मेगाओहमच्या आत असला पाहिजे. हुकावर जुन्या पावडरीचे थर चढलेले असतील, तर तुमची नवी गन आणि जुनी गन सारखीच वाईट दिसेल. दुसरी म्हणजे हवा, जी कोरडी आणि तेलविरहित असावी. रेफ्रिजरेटेड ड्रायर असेल तर दवबिंदू (हवेतल्या वाफेचे पाणी होऊ लागते ते तापमान) ३ अंश सेल्सिअसच्या आसपास राहतो, आणि पावसाळ्यात ड्रायर बंद ठेवून घेतलेले आकडे सरळ फाडून टाकावेत. तिसरी म्हणजे पावडर: दोन्ही चाचण्यांना एकाच बॅचची, नवी, चाळलेली पावडर वापरावी, कारण बूथमधून, म्हणजे फवारणीच्या कक्षातून, परत आलेल्या पावडरीत बारीक कणांचे प्रमाण जास्त असते आणि ती वेगळी वाहते.

पंपाचा प्रवाह मोजण्याची रीत साधी आहे. गनचे उच्च व्होल्टेज बंद आणि एक्झॉस्ट चालू ठेवून, गनपासून सुटा केलेला होज एका कापडी पिशवीत सोडावा आणि पिशवीचे तोंड अर्थ केलेल्या धातूच्या क्लिपने आवळावे. प्रवाह-हवा (पावडर ओढणारी) आणि पूरक-हवा (होजमध्ये पावडर वाहती ठेवणारी) यांचे दाब लिहून घेऊन बरोबर एक मिनिट पंप चालवावा आणि पिशवी तोलावी. हे निदान पाच वेळा करावे. सरासरीइतकेच त्या पाच आकड्यांमधल्या अंतराकडेही लक्ष द्यावे, कारण गन ‘थुंकते’ असे ऑपरेटर म्हणतो, तेव्हा सरासरी बहुधा ठीक असते, बिघडलेले असते ते सातत्य. कोपऱ्याची चाचणी असेल तर ‘यू’ आकाराच्या चॅनेलचे सारखे तुकडे घेऊन तळाला आणि काठांना ठरलेल्या जागी थर मोजावा आणि दोहोंचे गुणोत्तर लिहावे. प्रत्येक पानावर तारीख घालावी आणि शेजारच्या एखाद्या जाणत्या माणसाची सही घ्यावी.

इथेच एक ताकीद. कोरोना गनमध्ये १०० किलोव्होल्टपर्यंत दाब असतो, आणि ठिणगीत पावडर पेटवण्याइतकी ऊर्जा येऊ नये म्हणून नळीत रोधक बसवलेले असतात. प्रयोगासाठी ते रोधक काढणे, किंवा एक्झॉस्ट बंद पडल्यावर गन बंद करणारा इंटरलॉक तारेने जोडून चुकवणे, हे करू नये. इलेक्ट्रोडच्या बाजूचा बदल असेल तर यंत्राचे सुरक्षा प्रमाणपत्र त्या बदलापुरते गेले, असेच समजावे.

आपल्या आधी कोणी केले आहे का

एका ओळखीच्या शेडमध्ये ऑपरेटरने नोझलच्या थोडी मागे तारेचे कडे बसवून ते अर्थ केले होते. जाड थरावर येणारा संत्र्याच्या सालीसारखा पोत त्यामुळे खरोखर कमी झाला. मालकाने पेटंटसाठी वकील गाठायची तयारी केली. मी एक संध्याकाळ शोधायला मागून घेतली आणि अर्ध्या तासात तेच कडे जुन्या पेटंटच्या चित्रांत सापडले. इलेक्ट्रोडमधून सुटणारे मोकळे आयन जॉबवर जाऊन साठतात, थरातून उलट ठिणग्या उडवतात आणि पृष्ठभागावर बारीक खड्डे पाडतात. अर्थ केलेले कडे त्या आयनांना जवळची वाट देते. ऑपरेटरला हे कोणी शिकवले नव्हते, त्याची बुद्धी अस्सलच होती, पण कायद्याच्या दृष्टीने ती गोष्ट जगाला आधीच माहीत होती.

शोध घेताना शब्दांपेक्षा वर्गीकरणाच्या क्रमांकांवर भर द्यावा, कारण ‘पावडर’ म्हटले की औषधापासून खतापर्यंत सगळेच पुढे येते. आंतरराष्ट्रीय पेटंट वर्गीकरणात फवारणीची साधने ‘बी०५बी’ या वर्गात येतात. त्यातला ५/०० हा गट विद्युतभाराने फवारणाऱ्या साधनांचा आणि ७/१४ हा गट कणरूप पदार्थ फवारणाऱ्या साधनांचा. चिकटद्रव्य किंवा सीलंट ओतणारी यंत्रे असतील तर ‘बी०५सी’ पाहावा. भारतीय अर्जांसाठी पेटंट कार्यालयाचे ‘इनपास’ आणि परदेशी अर्जांसाठी युरोपीय कार्यालयाचे ‘एस्पासनेट’ ही दोन्ही संकेतस्थळे मोफत आहेत. आधी चित्रे पाहावीत, जवळचे वाटले तर पहिला दावा (नेमक्या कशावर हक्क मागितला आहे ते सांगणारे वाक्य) वाचावा, मग बाकीचे.

शोधताना दोन प्रश्नांची गल्लत होते. मला पेटंट मिळेल का, हा एक प्रश्न. आणि दुसऱ्याच्या पेटंटवर पाय न देता मला हे विकता येईल का, हा अगदी निराळा. पेटंटची मुदत अर्जाच्या तारखेपासून २० वर्षांची असते. मुदत संपलेली कल्पना तुम्हाला पेटंट मिळू देत नाही, पण ती वापरायला मोकळी असते.

तोंड बंद ठेवणे

अर्ज दाखल होईपर्यंत सुधारलेली गन प्रदर्शनात मांडू नये, विकू नये, तिचा व्हिडिओ व्हॉट्सअ‍ॅपवर फिरवू नये. प्रदर्शनाबाबत कायद्यात सवलत आहे, पण ती केंद्र सरकारने अधिसूचित केलेल्या प्रदर्शनांपुरती आणि १२ महिन्यांपुरती. ग्राहकाच्या लाइनवर चाचणी घ्यावीच लागणार असेल, तर गोपनीयतेचा करार आधी करावा.

दावा लिहिणे

संपूर्ण अर्जाचा जीव दाव्यात असतो. उदाहरणासाठी व्हेंचुरी पंपाचा थ्रोट, म्हणजे हवेच्या नोझलसमोरची अरुंद नळी, घेऊ. नोझलमधून सुटलेली हवा थ्रोटमध्ये शिरताना निर्वात तयार होते आणि हॉपरमधली पावडर वर ओढली जाते. पावडरीने थ्रोट आतून झिजला की ओढ कमी होते, आणि ऑपरेटर ते झाकण्यासाठी हवा वाढवत जातो. समजा, ही झीज वेळेवर कळावी म्हणून आपण निर्वात मोजायचे ठरवले. (ही कल्पना नवी आहे असे माझे म्हणणे नाही, ती केवळ सरावापुरती घेतली आहे.) दावा साधारण असा होईल:

‘हवेचे नोझल आणि त्यासमोर बदलता येणारा थ्रोट असलेला पावडर पंप, ज्यामध्ये (क) सक्शनच्या मार्गात दाब मोजणारे छिद्र आहे, (ख) त्या छिद्राच्या तोंडाशी सच्छिद्र चकती असून तिच्यामागून स्वच्छ हवा सोडणारी आणि मोजणीच्या क्षणी ती हवा बंद करणारी झडप आहे, आणि (ग) प्रवाह-हवेचा दाब ठरावीक असताना निर्वात ठरलेल्या पातळीखाली गेल्यास इशारा देणारी व्यवस्था आहे.’

यात पहिल्यांदा लिहिणारा माणूस (ग) वर जोर देतो, कारण दिवा लागलेला डोळ्यांना दिसतो. पण पंप ज्ञात, दाबमापक ज्ञात, दिवा ज्ञात. आपापले काम स्वतंत्रपणे करणाऱ्या ज्ञात साधनांची नुसती मांडणी म्हणजे शोध नव्हे, असे पेटंट कायदा १९७० चे कलम ३(एफ) सांगते आणि परीक्षक तेच दाखवतो. खरी गाठ (ख) मध्ये आहे: छिद्र उघडे ठेवले तर ते पावडरीने बुजते, आणि बुजू नये म्हणून हवा सोडली तर तीच हवा मोजणी बिघडवते. ही अडचण झडपेने कशी सुटली, हे वर्णनात आकड्यांसकट आले पाहिजे. झडप किती वेळ बंद राहते, चकतीच्या छिद्रांचा आकार काय, नव्या आणि झिजलेल्या थ्रोटचे वाचन किती, हे सगळे लिहावे. स्वतःला माहीत असलेली सर्वांत चांगली रीत हातची राखून ठेवता येत नाही. ती उघड करणे कायद्याने बंधनकारक आहे.

शिवाय प्रत्येक शब्द दाव्याला कुंपण घालतो. ‘टेफ्लॉनचा थ्रोट’ असे लिहिले तर नायलॉनचा थ्रोट वापरणारा सहज सुटतो. म्हणून पहिला दावा रुंद ठेवून पदार्थ, मापे आणि आकार पहिल्यावर अवलंबून असलेल्या पुढच्या दाव्यांत घालावेत. छेदचित्र काढावे, भागांना क्रमांक द्यावेत, आणि तोच क्रमांक वर्णनात शेवटपर्यंत त्याच भागाला राहू द्यावा.

दाखल करणे आणि त्यानंतर

महाराष्ट्र आणि गोव्यातले अर्ज मुंबईच्या अँटॉप हिल येथील कार्यालयाच्या अखत्यारीत येतात आणि ते ऑनलाइन दाखल होतात. कागदपत्रे इंग्रजीत किंवा हिंदीतच चालतात. मराठीतून अर्ज करता येत नाही, याची खंत वाटते, पण वही मराठीत ठेवायला कोणाची आडकाठी नाही. फॉर्म १ अर्जाचा, फॉर्म २ वर्णनाचा, फॉर्म ३ परदेशी अर्जांच्या माहितीचा आणि फॉर्म ५ संशोधकांच्या घोषणेचा. संशोधक म्हणून ज्याने डोके लढवले त्याचेच नाव घालावे. कल्पना ऑपरेटरची असेल तर त्याचे नाव आणि मालकाच्या नावे त्याने लिहून दिलेले हस्तांतरण, दोन्ही लागतात. व्यक्ती, स्टार्टअप आणि लघुउद्योग यांना ऑनलाइन अर्जाचे मूळ शुल्क १,६०० रुपये आहे, त्यात ३० पाने आणि १० दावे बसतात. लघुउद्योगाने फॉर्म २८ जोडावा.

चाचण्या अपुऱ्या असतील तर आधी तात्पुरते वर्णन दाखल करून तारीख पकडता येते. मात्र १२ महिन्यांत पूर्ण वर्णन दिले नाही, तर अर्ज सोडून दिला असे मानले जाते. तात्पुरत्या वर्णनात जे मुळातच नव्हते, त्याला ती जुनी तारीख मिळत नाही, म्हणून तेही चार ओळींत उरकू नये. परदेशात आधी अर्ज करायचा असेल तर कार्यालयाची लेखी परवानगी घ्यावी लागते, नाहीतर भारतात अर्ज करून सहा आठवडे थांबावे लागते.

अर्ज साधारण १८ महिन्यांनी प्रकाशित होतो. परीक्षण आपोआप होत नाही; त्यासाठी फॉर्म १८ वेगळा भरावा लागतो, आणि २०२४ च्या दुरुस्तीनंतर त्याची मुदत ४८ महिन्यांवरून ३१ महिन्यांवर आली आहे. जुने लेख वाचून ४८ धरून बसू नये. परीक्षकाचा पहिला अहवाल आला की उत्तराला सहा महिने मिळतात. त्यात बहुधा दोन-तीन जुनी पेटंटे दाखवून ‘हे दोन्ही एकत्र केले तर तुमचेच होते’ असे म्हटलेले असते. अशा वेळी विशेषणांचा उपयोग होत नाही. पहिल्या जुन्या पंपाचे छिद्र बुजते आणि दुसऱ्यातील हवा मोजणी बिघडवते, हे वहीतल्या तारीख घातलेल्या वजनांसह मांडावे, आणि गरज पडल्यास (ख) मधला तपशील पहिल्या दाव्यात ओढून दावा अरुंद करावा. चाचणीत वापरलेले झिजलेले थ्रोट तारीख आणि चालवलेले तास लिहून डबीत जपून ठेवले असतील, तर सुनावणीत छेदचित्राशेजारी त्यांचे फोटो ठेवता येतात.

पेटंट मिळाल्यावर नूतनीकरणाचे शुल्क भरावे लागते, आणि ते अर्जाच्या तारखेपासून मोजलेल्या तिसऱ्या वर्षापासून लागू होते. ते चुकले की हक्क जातो, म्हणून त्या तारखा ओव्हनच्या देखभालीच्या तक्त्यातच लिहून टाकाव्यात.