लॅबमध्ये काम करताय? या चुका टाळा

ग्लोव्ह्ज घातले की झालं, आता काय होतंय, हा समज केमिस्ट्री लॅबमध्ये सगळ्यात जास्त घात करतो. आपले ते निळे पातळ नायट्राइलचे ग्लोव्ह्ज फक्त शिंतोड्यापुरते असतात, अ‍ॅसिटोन किंवा डायक्लोरोमिथेन सांडलं तर बघता बघता आत पोचतं आणि वरून ग्लोव्ह फाटलेला पण दिसत नाही. सांडलं की लगेच काढा, हात धुवा, नवीन जोडी घाला.

अमेरिकेत डार्टमथ कॉलेजला केरन वेटरहान म्हणून प्राध्यापिका होत्या, विषारी धातू हाच त्यांचा अभ्यासाचा विषय. 1996 च्या ऑगस्टमध्ये डायमिथाइल मर्क्युरीचे (पाऱ्याचं अतिशय विषारी संयुग) एकदोन थेंब त्यांच्या लेटेक्स ग्लोव्हवर पडले, काम फ्यूम हूडमध्येच (विषारी वाफा ओढून घेणारं, समोर काच असलेलं कपाट) चालू होतं, काळजी सगळी घेतलेली, पण ते रसायन लेटेक्समधून काही सेकंदांत आरपार जातं हे नंतर टेस्ट केल्यावर कळलं. त्रास जाणवायलाच महिने गेले आणि जून 1997 मध्ये त्या गेल्या. इतक्या जाणकार बाईंचं असं झालं, म्हणून म्हणते की कुठल्या केमिकलला कुठला ग्लोव्ह चालतो ते एसडीएसच्या (त्या केमिकलच्या सुरक्षा माहितीपत्रकाच्या) सेक्शन 8 मध्ये बघूनच बाटली उघडा.

आणि त्याच ग्लोव्ह्जने मोबाईल, दाराची कडी, जर्नल, चष्मा काहीही धरू नका. तुमच्यानंतर ती कडी धरणाऱ्याच्या हातात ग्लोव्ह नसतो.

एप्रन कॉटनचाच घ्या, बटणं लावा. 2008 च्या डिसेंबरमध्ये कॅलिफोर्नियात यूसीएलए विद्यापीठाच्या लॅबमध्ये टर्ट-ब्युटिल लिथियम सिरिंजमधून बाहेर आलं, हवा लागताच पेटलं, काम करणाऱ्या मुलीच्या अंगात एप्रन नव्हता, सिंथेटिक स्वेटर होता. जानेवारीत ती गेली, अवघी 23 वर्षांची. ओढणी, मोकळे केस, चप्पल यावरून सर-मॅडम ओरडतात ते यासाठीच. तोच एप्रन घालून कॅन्टीनला जाणं पण बंद करा प्लीज.

अंगावर अ‍ॅसिड उडालं की पोरं ते मारायला खायचा सोडा शोधत पळतात, ही फार मोठी चूक. कातडीवर न्यूट्रलायझेशन करायचं नसतं, त्यात उष्णता निघते आणि वेळ जातो तो वेगळाच. सरळ नळाखाली जा, भिजलेले कपडे काढा, लाजू नका, किमान 15-20 मिनिटं वाहतं पाणी. डोळ्यात गेलं तर पापण्या बोटांनी उघड्या धरून धुवायचं, लेन्स असेल तर धुता धुताच काढायची, आणि मग डॉक्टरकडे जाताना केमिकलचं नाव लिहून न्या. हायड्रोफ्लोरिक अ‍ॅसिडचं मात्र वेगळं आहे, डायल्यूट असेल तर सुरुवातीला दुखतही नाही आणि आत हाडापर्यंत जातं, त्यामुळे धुवून कॅल्शियम ग्लुकोनेट जेल लावायचं आणि दुखत नसलं तरी लगेच हॉस्पिटल. जेल लॅबमध्ये नसेल तर ते अ‍ॅसिड वापरूच नका.

पाण्यात अ‍ॅसिड, हळूहळू, उलटं कधीच नाही. तोंडाने पिपेट ओढायचं नाही, रबर बल्ब मागून घ्या.

फ्यूम हूडचं कपाट केलेलं असतं बऱ्याच ठिकाणी, आत बाटल्या कोंबलेल्या, मग हवा ओढणार कुठून? सामान हलवा, कडेपासून 15 सेंटीमीटर आत काम करा, काच खाली ओढलेली ठेवा, डोकं आत घालू नका.

वेस्टची, म्हणजे वापरून झालेल्या केमिकलची, बाटली तर कोणीच मनावर घेत नाही. नायट्रिक अ‍ॅसिडच्या वेस्टमध्ये अ‍ॅसिटोन किंवा अल्कोहोल ओतून झाकण घट्ट लावलं तर आत गॅस तयार होत राहतो आणि आपण घरी गेल्यावर ती बाटली फुटते. वेस्ट वेगवेगळं ठेवा, लेबलवर नाव आणि तारीख टाका, आणि पाण्याच्या किंवा कोल्ड्रिंकच्या रिकाम्या बाटलीत कुठलंही केमिकल भरू नका, लॅब साफ करायला येणाऱ्या मावशींना ते पाणीच वाटणार.