कांद्याचे तुकडे आणि अख्खी नोंद

सटाण्याच्या मामेभावासाठी मी बाजारभाव दाखवणारं छोटं ॲप करत होते. सर्व्हरकडून लिलावाच्या नोंदी येत राहायच्या, एका ओळीत एक जेसन (माहिती मजकुरात लिहायची ठरलेली पद्धत). माझ्या लॅपटॉपवर सगळं झकास. त्याच्या मोबाइलवर मात्र मधूनच पार्सिंगची, म्हणजे जेसन वाचून माहिती सुटी करतानाची, एरर, आणि एकदा तर 'कांदा'च्या जागी 'का���दा'.

चूक माझीच. सर्व्हरने एकदा लिहिलं की इकडे एकदाच मिळणार, असं मी धरून चालले होते. टीसीपीला (नेटवरून डेटा पोचवणारी यंत्रणा) तुमची नोंद कुठे संपते याच्याशी देणंघेणं नाही, ते बाइट क्रमाने पोचवतं एवढंच. एका तुकड्यात अर्धी नोंद येईल, कधी अडीच. लॅपटॉपवर सर्व्हर आणि ब्राउझर एकाच घरात, म्हणून छोट्या नोंदी अख्ख्या यायच्या आणि चूक झाकली जायची.

आधी अक्षरं सांभाळा. 'कांदा'त युनिकोडची चिन्हं पाच: क, काना, अनुस्वार, द, काना. यूटीएफ-८ मध्ये (चिन्हं बाइटमध्ये लिहायची पद्धत) देवनागरीचं प्रत्येक चिन्ह ३ बाइटचं, म्हणजे एकूण १५. सातव्या बाइटनंतर तुकडा पडला की अनुस्वाराचा एक बाइट अलीकडे, दोन पलीकडे. दर तुकड्याला नवा टेक्स्टडिकोडर (बाइटची अक्षरं करणारा) लावलात तर त्या तीन बाइटची तीन प्रश्नचिन्हं होतात. म्हणून डिकोडर लूपच्या बाहेर एकदाच बनवा आणि प्रत्येक डिकोडला 'स्ट्रीम: ट्रू' द्या, अर्धवट बाइट तो पुढच्या तुकड्यासाठी राखून ठेवतो. नोडमध्ये (ब्राउझरबाहेर जावास्क्रिप्ट चालवतं ते) स्ट्रीमवर सेटएन्कोडिंग केलं की हेच काम होतं.

मग ओळी. 'उरलेलं' नावाची रिकामी स्ट्रिंग घ्या. आलेला मजकूर तिला जोडा, न्यूलाइनवर (ओळ संपल्याचं चिन्ह) स्प्लिट करा, शेवटचा भाग पॉप करून, म्हणजे काढून घेऊन, परत 'उरलेलं'मध्ये टाका. बाकीच्या ओळी पूर्ण आहेत, रिकाम्या वगळून पार्स करा. गंमत त्या पॉपमध्ये आहे: तुकडा नेमका न्यूलाइनवर संपला तर शेवटचा भाग रिकामी स्ट्रिंगच निघतो, वेगळी अट लिहावी लागत नाही. शेऱ्यात कुणी एंटर मारला असेल तर? जेसन बनवणारं स्ट्रिंगिफाय त्याचं बॅकस्लॅश-एन करतं, ओळ तुटत नाही. फक्त सर्व्हरवाल्याला इंडेंट करून पाठवू नको म्हणावं, नाहीतर एकच नोंद अनेक ओळींवर पसरते.

'पार्स करून बघू, नाही जमलं तर थांबू' हा ट्राय-कॅचचा जुगाड मीही केला होता. दीड नोंद आली की तो कायमचा अडकतो आणि स्ट्रिंग फुगत जाते.

स्ट्रीम संपल्यावर डिकोडरचं डिकोड एकदा रिकाम्या कंसांनी, आत काही न देता, बोलवा, आलेलं 'उरलेलं'ला जोडा, आणि त्यात काही असेल तर तेही पार्स करा. शेवटच्या ओळीला न्यूलाइन नसेल तर दिवसाचा शेवटचा लिलाव इथेच गळतो.

टेस्टमध्ये आता मी तीच कांद्याची नोंद एकेक बाइट करून भरवते, मग सात-सात, मग तीन नोंदी एकदम. तिन्ही वेळा पडद्यावर 'कांदा' अख्खा दिसल्याशिवाय भावाला लिंक पाठवत नाही.