माका ओळखून तेल कसं कढवायचं

बडोद्यात पाऊस लागला की ओल राहील तिथे माका आपणहून उगवतो. गणपतीच्या पत्रीला आणि पितृपंधरवड्यात श्राद्धाला तो लागतोच. केसांना लावायचं माक्याचं तेलही त्याच दिवसांत करावं, तेव्हा झाड रसरशीत असतं.

आधी ओळख पक्की करा, कारण एकदांडी हमखास माका समजून तोडली जाते. एकदांडीचं फूल पानं नसलेल्या वीतभर लांब दांड्यावर एकटंच उभं असतं, मध्ये पिवळं. माक्याचं फूल पांढरं, शर्टाच्या बटणाहून लहान, पानाच्या बेचक्यातून आखूड देठावर येतं. पानं समोरासमोर, जवळजवळ बिनदेठाची, दोन्ही बाजूंनी खरखरीत. तरी शंका राहिली तर पाला बोटांत चुरडा: थोड्या वेळात रस काळा पडतो, बोटंही काळवंडतात. पिवळ्या फुलांचा माका निराळा, तो इथे नको.

विश्वामित्री नदीच्या काठचा किंवा नाल्याकडेचा माका घेऊ नका, तिथे सांडपाणी मुरलेलं असतं. त्यापेक्षा पेर असलेली बोटभर फांदी कुंडीत टोचा, पेरातून मुळं फुटतात. माती मात्र कधीच सुकू देऊ नका. बाजारात मागायचा तर गुजरातीत ‘भांगरो’ म्हणा.

प्रमाण: तिळाचं तेल १०० मिली, माक्याचा रस ४०० मिली, वाटलेला पाला २५ ग्रॅम. मुळं काढून झाड नीट धुवा, पाणी निथळू द्या, वाटून फडक्यातून पिळा. रसात पाणी घातलं तर आटवायला तेवढाच वेळ जास्त जातो. सगळं एकत्र करून मोठ्या लोखंडी कढईत मंद आंचेवर ठेवा. लहान भांड्यातून उतू जातं. शेवटी शेवटी पाला तळाला धरतो, तेव्हा हात थांबवू नका. जळका वास आला तर ते तेल गेलंच.

तेल झालं हे घड्याळ पाहून कळत नाही. तेलावर फेस येऊ लागला की पाल्याचा चिमूटभर गोळा बोटांत वळा. त्याची वात वळली पाहिजे, आणि ती ज्योतीवर धरली तर तडतडता कामा नये. तडतडली म्हणजे पाणी शिल्लक आहे. असं तेल बाटलीत खवट होतं, बुरशीही धरतं. कोमट असताना गाळून अगदी कोरड्या काचेच्या बाटलीत भरा.

पिकलेले केस याने काळे होत नाहीत. शेवंती किंवा गाजरगवताने ज्यांना खाज सुटते, त्यांनी आधी कोपराच्या आतल्या बाजूला थेंबभर लावून दिवसभर वाट पाहावी. माका त्याच कुळातला आहे.