पिकअपच्या केबिनचे माउंट गंजलेत? पट्टी मारण्याआधी या चुका टाळा

दरवाजा उचलून लावावा लागतो, गतिरोधकावर सीटखालून ‘खट्ट’ आवाज येतो, फेरीबोटीच्या रॅम्पवर एक चाक चढले की केबिन कुरकुरते. अशा वेळी बहुतेक जण आधी बिजागऱ्या बदलतात, मग शॉकअप. खोट मात्र खाली असते. बोलेरो पिकअप किंवा टाटा २०७ सारख्या गाडीत केबिन चॅसीवर थेट टेकलेली नसते. मध्ये रबराची कुशन, तिच्या पोटातून लोखंडी नळी, मोठे वॉशर आणि लांब बोल्ट असतो. वर केबिनच्या तळाला पत्र्याची बंद पेटी, खाली चॅसीला जोडलेले ब्रॅकेट. हा सगळा जोड म्हणजे माउंट. पेटी आणि ब्रॅकेट यांपैकी एक जरी कुजले, तरी बोल्ट करकचून आवळलेला असूनही केबिन हलते.

खात्री करायची तर सिलखाली, म्हणजे दरवाजाखालच्या उंबऱ्याखाली, लाकडाचा ठोकळा ठेवून बाटली जॅकने अगदी हळू उचला आणि दुसऱ्याला टॉर्च घेऊन माउंटकडे बघायला सांगा. रबर फुगून केबिन सोबत उठली तर ठीक. बोल्टचे डोके जागेवर आणि त्याच्या भोवतालचा पत्रा एकटाच वर जात असेल, तर पत्रा संपलेला आहे.

पाणी कुठून आले हे न बघता पत्रा कापायला घेणे

सगळ्यात महाग पडणारी चूक हीच. गोव्यात वर्षाला ३,००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, पण माउंट कुजवणारे पाणी दर वेळी रस्त्यावरचे नसते. पुढचे माउंट आतून कुजले असेल, म्हणजे मॅटखालचा पत्रा बाहेरच्यापेक्षा जास्त खराब असेल, तर संशय पुढच्या काचेच्या रबरावर घ्या. मॅट उचला, काचेच्या कडेने बाहेरून पाइपने पाच मिनिटे पाणी सोडा आणि आत बसून बघा. मागचे माउंट कुजले असेल तर पेटीची पाणी वाहून जायची भोके तपासा. डिचोली, साखळीकडच्या गाड्यांत खनिजाची तांबडी माती या भोकांत सिमेंटसारखी बसते आणि पेटी वर्षभर ओली राहते. मालीम, बेतूल, कुटबणच्या जेटीवर मासळी वाहणाऱ्या गाडीची गोष्ट वेगळी. तिथे हौद्यातून गळणारे बर्फाचे खारे पाणी थेट ब्रॅकेटवर ठिबकते. हौद्याला पाणी बाहेर नेणारी नळी बसवल्याशिवाय त्या ब्रॅकेटवर केलेला खर्च वाया जातो.

खाऱ्या पाण्याच्या गाडीत आणखी एक गोम आहे. वायर ब्रशने चकाचक केलेला भाग गोड्या पाण्याने धुऊन, वाळवून रात्रभर ठेवा. सकाळी त्यावर नारिंगी ठिपके दिसले तर मीठ अजून लोखंडाच्या खाचांत आहे. पुन्हा घासा, पुन्हा धुवा. मीठ असताना त्यावर कुठलाही प्रायमर मारला तरी सहा महिन्यांत फोड येतात. धुवायचे पाणी किनाऱ्याजवळच्या बोअरचे असेल तर आधी चाखून बघा.

जाड दिसतो म्हणून पत्रा चांगला समजणे

गंजाची खपली मूळ लोखंडापेक्षा कितीतरी पट जागा घेते. त्यामुळे ४ मिलिमीटर जाड दिसणाऱ्या ब्रॅकेटमध्ये शिल्लक लोखंड दीड मिलिमीटरही नसू शकते. चिपिंग हातोडीने ठोका: चांगले लोखंड ठणकते, कुजलेले थपथपते. पापुद्रे उडवा, मग जाड स्क्रूड्रायव्हरचे टोक जोर लावून टोचा. शेवटी जाडी व्हर्नियरने मोजा आणि दुसऱ्या बाजूच्या चांगल्या माउंटशी ताडा.

इथेच एक गोष्ट ठरवून टाका. कुज फक्त ब्रॅकेटपुरती असेल तर पुढे जा. चॅसीच्या मुख्य पट्टीला, त्यातही स्टेअरिंग बॉक्स किंवा पाट्यांच्या (लीफ स्प्रिंगच्या) हँगरजवळ भोक पडले असेल, तर हे माउंटचे काम राहिलेच नाही. ते चॅसीचे काम करणाऱ्याकडे न्यावे, नाहीतर गाडी सोडून द्यावी.

बोल्टशी कुस्ती

गंजलेल्या माउंटचा बोल्ट लांब दांड्याने एका झटक्यात फिरवला की दोनांपैकी एक होते: बोल्ट तुटतो, किंवा पेटीच्या आतल्या पिंजऱ्यातला नट सुटून गरगर फिरू लागतो. दुसरे जास्त त्रासाचे, कारण त्या नटापर्यंत पान्हा पोचतच नाही. काम सुरू करायच्या तीन दिवस आधीपासून सकाळ-संध्याकाळ आत शिरणारे तेल मारा. सोडवताना आधी किंचित आवळा, मग सोडा, पुन्हा आवळा. आटे मोकळे होत जातात. नट फिरू लागलाच तर सीटखालच्या फ्लोअरला नेमका वरून ६० बाय ६० मिलिमीटरचा चौकोन कापा आणि नट पान्ह्याने धरा. काम संपल्यावर तो चौकोन परत वेल्ड करता येतो. बऱ्याचदा बोल्ट नटात अडकलेला नसतोच, तो कुशनच्या नळीत गंजून एकजीव झालेला असतो. तसे असेल तर रबर सुरीने कापा आणि नळीसकट बोल्ट ग्राइंडरने कापून टाका. रबर तसेही नवे घालायचे आहे.

गॅसची ज्योत लावण्याआधी आतली मॅट आणि फ्लोअरला चिकटवलेला डांबरी थर काढा. तो थर धुमसत राहतो आणि अर्ध्या तासाने, सगळे जेवायला गेले की, पेट घेतो. इंधनाची टाकी आणि पाइप जवळ असतील तर तेही बाजूला करा. अग्निशामक आणि पाण्याची बादली हाताशी ठेवा.

केबिन एकदम उचलणे

वेल्डिंगसाठी बॅटरीची निगेटिव्ह केबल काढणे सगळ्यांना माहीत असते. केबिन उचलताना काय काय ताणले जाते, हे विसरले जाते: स्टेअरिंगचा शाफ्ट, गिअरचा दांडा, हँडब्रेकची केबल, ब्रेकचे पाइप आणि रेडिएटरच्या पंख्याचे कव्हर. एका वेळी एकाच बाजूचे माउंट सोडा आणि गरजेपुरतेच, १५ ते २० मिलिमीटर, उचला. जॅकवर कधीही विसंबू नका. केबिन सागवानी ठोकळ्यांवर टेकवून मगच खाली हात घाला.

त्याआधी दरवाजांच्या फटी मोजा. वर, मध्ये आणि खाली, दोन्ही बाजूंच्या, आणि आकडे आतल्या रंगावर मार्करने लिहून ठेवा. सिलही कुजलेले असेल तर दरवाजाच्या चौकटीत २५ मिलिमीटरच्या चौकोनी पाइपचा आडवा आणि तिरका आधार टॅक करा, म्हणजे वेल्डच्या ठिपक्यांनी तात्पुरता जोडा. तो नसेल तर कुजका भाग कापताक्षणी केबिन आपल्याच वजनाने बसते. नवा पत्रा मग वाकड्या केबिनला सुबक जोडला जातो, आणि दरवाजा आयुष्यभर उचलूनच लावावा लागतो.

गंजावर पट्टी

पत्र्याची पट्टी गंजावर ठेवून चारही बाजूंनी वेल्ड मारायचा, वर लांबी (पुट्टी) भरायची, काळा रंग. दिसायला छान. आत ओल आणि गंज कोंडला जातो आणि वेल्डची कड ज्या पत्र्याला धरते तोच पातळ असल्याने दोन पावसाळ्यांत कडेने फाटते. लांबीला माउंटजवळ काहीच काम नाही. ती भार घेत नाही, उलट भेग झाकते.

कापायचे ते लखलखीत, पूर्ण जाडीचे लोखंड लागेपर्यंत. कोपरे गोल ठेवा, २० ते २५ मिलिमीटर त्रिज्येचे; काटकोनी कोपऱ्यातून भेग सुरू होते. पुठ्ठ्याचा साचा काढून मगच पत्रा कापा. जाडी मूळ भागाइतकी घ्या. फ्लोअरच्या पत्र्याला १८ गेज, म्हणजे १.२ मिलिमीटर, बहुतेक ठिकाणी पुरतो; माउंटच्या पेटीला १४ गेज, म्हणजे २ मिलिमीटर; चॅसीवरच्या ब्रॅकेटला ३ ते ४ मिलिमीटरची प्लेट. ‘मजबूत होऊ दे’ म्हणून फ्लोअरला ५ मिलिमीटरची प्लेट जोडणे ही वेगळी चूक: प्लेट तशीच राहते आणि तिच्या कडेला फ्लोअर चिरतो. भार पसरवायचा असेल तर मध्ये १६ गेजचा मोठा, गोल कोपऱ्यांचा पत्रा द्या.

भंगारातला जीआय, म्हणजे जस्त चढवलेला, पत्रा स्वस्त मिळतो. तो वापरायचाच असेल तर वेल्डच्या दोन्ही बाजूंचे २५ मिलिमीटरपर्यंतचे जस्त घासून काढा आणि उघड्यावर काम करा. जस्ताचा पांढरा धूर छातीत गेला की रात्री ताप भरतो.

वेल्डिंग सीओटू (कार्बन डायऑक्साइड वायूच्या) मशीनवर, ०.८ मिलिमीटरच्या वायरने. २ मिलिमीटरच्या पत्र्याला साधारण ७० ते ९० अँपिअर पुरतात. एका दमात लांब शिवण मारू नका. २० ते २५ मिलिमीटरचे टाके, एक इकडे एक तिकडे, मधे हात लावून बघण्याइतके थंड होऊ द्या. साध्या आर्क मशीनच्या ३.१५ मिलिमीटरच्या रॉडने फ्लोअरला फक्त भोके पडतात. ब्रॅकेटला मात्र २.५ चा रॉड चालतो. चॅसीच्या वरच्या-खालच्या पट्टीवर आडवा वेल्ड मारू नका, तिथेच चॅसी तडकते. शिवण चॅसीच्या लांबीच्या दिशेने, उभ्या बाजूवर ठेवा.

आणि ग्राइंडर लावण्याआधी चॅसी नंबर नेमका कुठे कोरलेला आहे ते शोधा, आरसीशी ताडा आणि तो भाग टेपने झाका. ८ वर्षांवरच्या मालवाहू गाडीला दर वर्षी फिटनेस प्रमाणपत्र लागते. घासलेला नंबर तिथे समजावून सांगणे कठीण जाते.

भोक अंदाजाने पाडणे

३ मिलिमीटर चुकले तरी बोल्ट ओढून-ताणून बसतो, पण रबर कायम तिरके दाबलेले राहते आणि वर्षभरात फाटते. दुसऱ्या बाजूच्या चांगल्या माउंटवर केबिनचा तळ आणि ब्रॅकेट यांतले अंतर मोजा. तेवढ्याच उंचीचा पाइपचा तुकडा कापा, नवा बोल्ट त्यातून घालून ब्रॅकेट जागेवर धरा आणि मग टॅक मारा. रबर घालून टॅक मारले तर ते भाजते. पूर्ण वेल्ड करण्याआधी दरवाजे बसवून लिहून ठेवलेले आकडे जुळतात का बघा. टॅक तोडायला दोन मिनिटे लागतात, पूर्ण शिवण तोडायला दुपार जाते.

रबरांबाबत थोडक्यात: टायरचे तुकडे नकोत, वरचे आणि खालचे रबर अदलाबदल नको, आणि आतली नळी विसरायची नाही. नळी नसेल तर आवळत गेलात तशी कुशन पिचकते. बोल्ट ८.८ दर्जाचा घ्या आणि मॅन्युअलमधल्या टॉर्कनेच आवळा. नवे रबर घातल्यावर हेडलाइट मंद झाले किंवा मीटरचे काटे नाचू लागले तर केबिन ते चॅसी अर्थिंगची पट्टी तपासा. जुना गंजका बोल्ट अर्थिंग देत असतो, नवे रबर ते तोडते.

भर पावसात रंग, ओल्यावर डांबर

जून ते सप्टेंबर हे काम काढू नये. घासलेला पत्रा एका रात्रीत तांबूस होतो, हाताच्या घामाचे ठसेसुद्धा उमटतात. दिवाळीनंतर ते मृगाच्या आधी हा काळ बरा. मात्र मे अखेरीस गॅरेजांत गर्दी असते. वेल्डवर आधी दोन भागांचा एपॉक्सी प्रायमर, सांध्यांना सीम सीलर, मग रंग. बाजारातला नुसता रेडऑक्साइड खालच्या बाजूला फार टिकत नाही. पेटीच्या आत ब्रश जात नाही, तिथे लांब नळीने कॅव्हिटी वॅक्स (पोकळीत मारायचे मेण) फवारा आणि पाणी जायची भोके तारेने पुन्हा मोकळी करा, कारण ती वॅक्सनेच बुजतात. ओल्या गंजावर डांबर फासले की गंज दिसेनासा होतो, एवढाच त्याचा उपयोग.

५०० किलोमीटर चालवल्यावर बोल्ट एकदा टॉर्क पान्ह्याने तपासा. पहिल्या मोठ्या पावसानंतर मॅट उचलून पुढच्या माउंटवरून हात फिरवा. ओल लागली तर वेल्ड नको, आधी काचेचे रबर उघडा.