एकाच भागात रुग्णसंख्या अचानक वाढली, तर कारण कसे शोधावे

महासाथीत एखाद्या जिल्ह्यातील बाधितांचा आकडा आठवडाभरात दुप्पट होतो, शेजारचे जिल्हे मात्र स्थिर असतात, आणि ज्याला त्याला कारण सुचू लागते. अशा वेळी कारणाकडे वळण्याआधी वाढ खरी आहे का, हे पाहावे.

त्यासाठी प्रथम तारीख तपासावी. जाहीर होणारा आकडा बहुधा अहवाल नोंदवल्याच्या दिवसाचा असतो, संसर्ग झाल्याच्या दिवसाचा नव्हे. इंग्लंडमध्ये 25 सप्टेंबर ते 2 ऑक्टोबर 2020 या काळातील 15,841 बाधितांची नोंद दैनंदिन आकडेवारीतून गळली होती, कारण स्प्रेडशीटच्या जुन्या प्रकारच्या फाइलमधील ओळींची मर्यादा संपली होती. ती भर घालताच आकडा एकदम उसळला. म्हणून शक्य असेल तेथे लक्षणे सुरू झालेल्या किंवा नमुना घेतलेल्या तारखेनुसार आलेख पुन्हा काढावा.

मग चाचण्यांची संख्या पाहावी. 1,000 चाचण्यांत 50 बाधित आणि पुढच्या आठवड्यात 3,000 चाचण्यांत 150 बाधित आढळले, तर प्रमाण दोन्ही वेळा 5 टक्केच राहते. चाचण्या तेवढ्याच असून बाधित तिप्पट झाले, तर मात्र काळजीचे कारण आहे. सांडपाण्यातील विषाणूचे मोजमाप होत असल्यास तेही ताडून पाहावे, कारण चाचणीसाठी कोण पुढे आले यावर ते अवलंबून नसते. वस्ती लहान असेल, तर 3 वरून 9 वर गेलेला आकडा एकाच कुटुंबाचाही असू शकतो.

वाढ खरी ठरली, तर आधीचे आठवडे विसरू नयेत. 2021 च्या शरद ऋतूत इंग्लंडच्या नैर्ऋत्य भागात घरगुती जलद चाचणीत बाधित आढळलेल्या अनेकांना प्रयोगशाळेकडून संसर्ग नसल्याचा अहवाल मिळत होता. 8 सप्टेंबर ते 12 ऑक्टोबर या काळात, मुख्यतः याच भागातील, सुमारे 43,000 जणांना असे चुकीचे अहवाल गेले असावेत, असे तेथील आरोग्य यंत्रणेने जाहीर केले. आपल्याला संसर्ग नाही, असे समजून ही माणसे इतरांत मिसळली असणार. दोन चाचण्या वारंवार एकमेकींशी विसंगत येत असतील, तर त्या तक्रारी किरकोळ मानू नयेत.

यानंतर प्रत्येक रुग्णाची एक ओळ लिहावी: वय, वस्ती, काम, लक्षणांचा पहिला दिवस. बहुतेकांची लक्षणे त्याच दोन-चार दिवसांत सुरू झाली असतील, तर एकाच ठिकाणी, एकाच वेळी संसर्ग झाल्याचा संशय घ्यावा. 2020 मधील कोरोना विषाणूसाठी संसर्ग ते लक्षणे हे अंतर साधारण 5 दिवसांचे होते, त्यामुळे तेवढे मागे जाऊन विचारपूस करावी. अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यात 10 मार्च 2020 रोजी समूहगायनाच्या एका सरावाला 61 जण आले होते. त्यांपैकी 53 आजारी पडले आणि दोघांचा मृत्यू झाला. असा एखादा बंदिस्त प्रसंग सापडला, तर उरलेले कोडे बरेच सुटते.

येथे सर्वाधिक होणारी चूक म्हणजे केवळ आजाऱ्यांनाच विचारणे. दहापैकी आठ रुग्ण बाजारात गेले होते, हे ऐकून बाजार दोषी वाटतो. पण निरोगी राहिलेल्या दहांपैकीही आठ जण तेथे गेले असतील, तर त्या माहितीवरून काहीच ठरत नाही.

विषाणूच्या नव्या प्रकाराचा संशय माझ्या मते शेवटी घ्यावा, पण टाळू नये. नोव्हेंबर 2020 मध्ये इंग्लंडभर टाळेबंदी असताना बऱ्याच भागांत संसर्ग घटला, केंटमध्ये मात्र वाढत राहिला. निर्बंध सारखे असूनही परस्परांशी संबंध नसलेल्या गटांत अशी वाढ दिसली, तर नमुने जनुकीय तपासणीसाठी पाठवावेत. तेथे पुढे अल्फा म्हणून ओळखला गेलेला प्रकार अशाच शोधातून सापडला.

हा शोध चालू असताना विलगीकरण आणि संपर्कातील लोकांना कळवणे थांबवू नये. रुग्णांची नावे आणि पत्ते मात्र शोध घेणाऱ्यांच्या बाहेर जाऊ देऊ नयेत, कारण बोट दाखवले जाईल या भीतीने लोक चाचणी टाळतात, भेटीगाठी लपवतात, आणि मग हाती असलेली यादीच अपुरी पडते.