टायफॉइडचा कल्चर रिपोर्ट कसा वाचावा

ताप चार-पाच दिवस उतरत नसेल आणि डॉक्टरांना टायफॉइडची शंका येत असेल, तर नातेवाइकांनी सर्वप्रथम रक्ताच्या कल्चरविषयी, म्हणजे रक्तातील जंतू बाटलीत वाढवून ओळखण्याच्या तपासणीविषयी, विचारावे. आपल्याकडे अजूनही बहुतेक ठिकाणी विडाल तपासणीवरच टायफॉइडचे निदान होते. परंतु विडाल चाचणी रक्तातील प्रतिपिंडे (जंतूंशी लढण्यासाठी शरीराने बनवलेली प्रथिने) मोजते, जंतू शोधत नाही. पूर्वी होऊन गेलेल्या संसर्गामुळे, लसीमुळे किंवा दुसऱ्याच एखाद्या तापातही ती पॉझिटिव्ह येऊ शकते. शिवाय या रुग्णाच्या शरीरातील जंतू कोणत्या औषधाला दाद देईल, हे ती कधीच सांगू शकत नाही, आणि आज टायफॉइडच्या उपचारात सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न नेमका तोच आहे.

कल्चरचे रक्त अँटिबायोटिकचा पहिला डोस देण्याआधी घ्यावे, कारण टायफॉइडमध्ये रक्तातील जंतूंची संख्या फारच थोडी असते, आणि एकदोन गोळ्या पोटात गेल्या तरी बाटलीत काहीच न वाढण्याची शक्यता बरीच वाढते. त्याच कारणाने रक्तही पुरेसे लागते. मोठ्या माणसाचे एका बाटलीसाठी आठ ते दहा मिलिलिटर रक्त घेतात, मुलांचे वजनानुसार कमी. इतके रक्त काढताना पाहून घरातल्यांनी घाबरू नये, आणि लॅबनेही दोन-तीन मिलिलिटरवर भागवू नये. आधीच एखादे अँटिबायोटिक सुरू झाले असेल तर त्याचे नाव लॅबला अवश्य सांगावे. रक्त घेतल्यावर मात्र रिपोर्टची वाट पाहत उपचार थांबवून ठेवायचे नसतात. डॉक्टर अंदाजाने औषध सुरू करतात आणि रिपोर्ट आल्यावर ते कायम ठेवतात किंवा बदलतात.

अंतिम रिपोर्टला साधारणतः तीन ते पाच दिवस लागतात. त्यावर ‘साल्मोनेला टायफी’ हे टायफॉइडच्या जंतूचे किंवा ‘पॅराटायफी ए’ हे त्याच्या जवळच्या जंतूचे नाव असेल तर निदान पक्के झाले. ‘वाढ नाही’ असे आले तरी टायफॉइड नाहीच, असे म्हणता येत नाही, कारण रक्ताचे कल्चर खऱ्या रुग्णांपैकी साधारण 60 टक्के जणांतच जंतू पकडू शकते.

नावाखाली औषधांची यादी असते आणि प्रत्येकापुढे ‘एस’, ‘आय’ किंवा ‘आर’ ही अक्षरे असतात. ‘एस’ म्हणजे औषध लागू पडेल, ‘आर’ म्हणजे जंतू त्याला जुमानत नाही, आणि ‘आय’ म्हणजे मधली स्थिती. जंतूची वाढ रोखण्यास पुरणारी औषधाची किमान मात्रा, म्हणजेच एमआयसी, आकड्यात दिलेली असेल तर तीही पाहावी.

पहिली नजर सिप्रोफ्लॉक्सासिनवर टाकावी. टायफीच्या एका जनुकात एकच बदल झाला तरी हे औषध त्याच्यावर अर्धवटच चालते. ताप उतरायला खूप दिवस लागतात किंवा उतरलेला ताप पुन्हा येतो. जुन्या निकषांनी असा जंतूही ‘एस’ ठरत असे, म्हणून 2012 पासून निकष कडक झाले. आता एमआयसी 0.06 किंवा त्याहून कमी असेल तरच ‘एस’, 0.12 ते 0.5 असेल तर ‘आय’, आणि 1 किंवा अधिक असेल तर ‘आर’ धरतात. रिपोर्टवर सिप्रोफ्लॉक्सासिन ‘एस’ आणि त्याच्याच गटातील नॅलिडिक्सिक ॲसिड किंवा पेफ्लॉक्सासिन ‘आर’ असेल, तर लॅबला फोन करून कोणते निकष वापरले ते विचारावे. हा प्रश्न विचारण्यात संकोच वाटण्याचे काहीच कारण नाही. भारतातील बहुसंख्य टायफी जंतूंवर आज हा औषधगट भरवशाचा राहिलेला नाही, तरीही तापावर तो सर्रास दिला जातो, हे खेदाने नमूद करावे लागते.

जेंटामायसिन, अमिकासिन किंवा सेफ्युरॉक्सिम यांच्यापुढे ‘एस’ दिसले तर त्याकडे दुर्लक्ष करावे. प्रयोगशाळेतल्या बशीत ही औषधे जंतू रोखतात, पण टायफी आपल्याच पेशींच्या आत दडून राहतो, त्यामुळे प्रत्यक्ष रुग्णात ती उपयोगी ठरत नाहीत.

अँपिसिलिन, क्लोरॅम्फेनिकॉल आणि कोट्रायमोक्सॅझोल या जुन्या औषधांचा स्तंभ मात्र लक्षपूर्वक वाचावा. 1948 मध्ये क्लोरॅम्फेनिकॉलने टायफॉइडच्या उपचाराचे चित्र पालटले होते. 1972 मध्ये मेक्सिकोत आणि केरळमधील कालिकतला त्याला न जुमानणाऱ्या जंतूंच्या साथी आल्या, आणि 1990 च्या सुमारास तिन्ही औषधे निकामी करणारे जंतू भारतात पसरले. पुढे या औषधांचा वापर घटला, आणि आज आपल्याकडच्या बहुतेक टायफी जंतूंवर ती पुन्हा ‘एस’ येतात. क्लोरॅम्फेनिकॉलचा अस्थिमज्जेवर होणारा गंभीर दुष्परिणाम लक्षात घेता ते सहज देण्याचे औषध नव्हे. परंतु कोट्रायमोक्सॅझोलचा पर्याय या रुग्णाला चालेल का, असे डॉक्टरांना जरूर विचारावे.

आता सध्याच्या भरवशाच्या दोन औषधांकडे यावे. सेफ्ट्रायॅक्सोनची एमआयसी 1 किंवा कमी आणि ॲझिथ्रोमायसिनची 16 किंवा कमी असेल तर ‘एस’. सेफ्ट्रायॅक्सोनपुढे ‘आर’ दिसले, तर त्याच दिवशी डॉक्टरांना कळवावे. 2016 च्या अखेरीस पाकिस्तानातील सिंध प्रांतात, हैदराबाद शहरातून, असाच जंतू पसरला. तीन जुनी औषधे, सिप्रोफ्लॉक्सासिनचा गट आणि सेफ्ट्रायॅक्सोन यांपैकी काहीच त्याच्यावर चालत नव्हते. तोंडाने घेण्याच्या औषधांत ॲझिथ्रोमायसिन तेवढे उरले, आणि इंजेक्शनांत कार्बापेनेम गटातील अँटिबायोटिक. सेफ्ट्रायॅक्सोनला निकामी करणारे जनुक त्याने बाहेरून मिळवलेल्या एका प्लाझ्मिडवर, म्हणजे डीएनएच्या छोट्या सुट्या वलयावर, होते. ॲझिथ्रोमायसिनला न जुमानणारे टायफीही बांगलादेशात आढळले आहेत. म्हणूनच साध्या सर्दी-खोकल्यासाठी औषधाच्या दुकानातून ॲझिथ्रोमायसिनच्या गोळ्या आणून खाणे थांबवले पाहिजे.

औषध योग्य असले तरी टायफॉइडचा ताप दुसऱ्या दिवशी उतरत नाही. चार ते सहा दिवस लागू शकतात. या काळात अधीर होऊन औषध किंवा डॉक्टर बदलू नयेत, आणि ताप उतरला म्हणून ठरलेला कोर्स अर्धवट सोडू नये. मात्र पोटात अचानक तीव्र दुखणे, काळी किंवा रक्तमिश्रित शौच, ग्लानी किंवा बडबड यांपैकी काहीही दिसले, तर तास न दवडता रुग्णालय गाठावे, कारण आतड्याला छिद्र पडण्याचा धोका असतो.

घरातील इतरांना टायफॉइडची कॉन्जुगेट लस देण्याविषयीही डॉक्टरांशी याच भेटीत बोलून घ्यावे. तिचा एक डोस सहा महिन्यांच्या बाळापासून देता येतो. 2018 मध्ये नवी मुंबई महापालिकेने मुलांसाठी याच लसीची मोहीम हाती घेतली होती.

रिपोर्टची मूळ प्रत जपून ठेवावी. काही रुग्णांना बरे वाटल्यानंतर दोन-तीन आठवड्यांनी पुन्हा ताप येतो. तेव्हा घरात उरलेल्या गोळ्या सुरू न करता आधी नवे कल्चर करून घ्यावे आणि दोन्ही रिपोर्ट डॉक्टरांसमोर शेजारी शेजारी ठेवावेत.