एअर रायफलची नळी मोजून छर्रे कसे निवडायचे

कोल्हापूरच्या स्वप्नील कुसाळेनं २०२४ ला पॅरिसमध्ये ५० मीटर रायफल थ्री पोझिशनचं ब्रॉंझ आणलं तेव्हापासून सोलापुरातली ओळखीची पोरंपण एअर रायफलचं विचारायला लागलीत, आणि प्रश्न ठरलेला, दादा छर्रे कुठले घेऊ. त्यावर माझं एकच म्हणणं असतं, आधी नळी मोज मग डबा घे. बाहेरून येणारा मॅच पेलेटचा, म्हणजे स्पर्धेच्या छर्र्यांचा, ५०० चा डबा काही स्वस्तात मिळत नाही, आणि आपल्या नळीला तो बसतच नसेल तर पैसे पाण्यात.

०.१७७ बोर म्हणजे ०.१७७ इंचाची नळी, हिशोबानं ४.४९५८ मिमी, सगळे ४.५ म्हणून मोकळे होतात. पण नळीच्या आत आटे असतात, म्हणजे छर्र्याला फिरकी देणाऱ्या पिळाच्या खाचा आणि त्यांच्यामधले उंचवटे, त्यामुळं माप एक नसून दोन असतात, उंचवट्यापासून समोरच्या उंचवट्यापर्यंतचं एक आणि खाचेपासून खाचेपर्यंतचं दुसरं. छर्र्याचं डोकं उंचवट्यांवर टेकून पुढं सरकतं आणि मागचा पोकळ भाग, म्हणजे घागरा, हवेच्या दाबानं फुगून खाचा बंद करतो. म्हणून चांगल्या डब्यावर डोक्याचं माप छापलेलं असतं, ४.४९, ४.५०, ४.५१, ४.५२ असं. बंदुकीच्या भरीव ओतीव गोळीला असा घागरा नसतो, तिथं गोळीच खाचेच्या मापापेक्षा साधारण ०.०२५ ते ०.०५ मिमी मोठी ठेवतात. पण ते काम आपलं नाही, लायसन्सशिवाय बंदुकीच्या गोळ्या बनवणं हा गुन्हा आहे, इथं फक्त एअर रायफलचं बोलतोय.

आता कामाला लागू. शिशाचा छोटा तुकडा नळीतून ढकलायचा, आतल्या आट्यांचा ठसा त्यावर उमटतो, आणि मग तो तुकडा मोजायचा. शिसं मऊच पाहिजे. उजनीकडं मासेमारीच्या जाळ्याला जे शिसं लावतात ते चालतं, गाडीच्या चाकाला बॅलन्सिंगसाठी लावतात ते नको कारण त्यात अँटिमनी असतं, ते कडक असतं आणि दाबल्यावर थोडं परत फुगतं, मग माप खोटं येतं. नखानं ओरखडा मारून बघा, सहज उठला की समजायचं मऊ आहे. वितळवायची अजिबात गरज नाही. लहान तुकडा घ्या, दोन सपाट पट्ट्यांमध्ये लाटून गोल करा, जाडी ४.७ च्या आसपास आणि लांबी ६-७ मिमी. जास्त जाड ठेवलात तर ठोकून ठोकून जीव जाईल आणि अडकला तर वेगळीच डोकेदुखी.

रायफल रिकामी आहे हे दोनदा बघा आणि ती कॉक केलेली, म्हणजे स्प्रिंग चढवलेली, नसावी, हे फार महत्त्वाचं आहे, कॉक झालेली ब्रेक बॅरल (नळी मोडून छर्रा भरायची रायफल) हातातून सुटली तर बोटं जातात. नळी तेवढीच वाकवायची की स्प्रिंग चढणार नाही, आणि तेवढ्यात रॉड जायला जागा होत नसेल तर सरळ मेकॅनिककडून नळी सोडवून घ्या. पीसीपी, म्हणजे टाकीत आधीच हवा भरलेली रायफल, असेल तर घरी उघडूच नका, जाणकाराकडंच न्या.

नळी आधी पुसून घ्या. त्यासाठी आपल्या सोलापूरसारखं गाव नाही, टॉवेलच्या कारखान्यातली चिंधी एकदम भारी काम करते, फक्त धागे आत राहू देऊ नका. मग शिलाई मशीनच्या तेलाचा एकच थेंब. तुकडा मागच्या बाजूनं, म्हणजे जिथून छर्रा भरतो तिथून बसवायचा आणि ४ मिमीच्या पितळी रॉडनं, वर टेप गुंडाळून, लाकडी मोगरीनं हळूहळू पुढं न्यायचा. लोखंडी सळई आत घालायची नाही, आटे खरवडले तर ती नळी गेली. लाकडी काडीपण नको, आत चिरली की पाचर बसते.

सुरुवातीला जड जाईल, मग एकसारखा सरकेल. इथं हाताकडं लक्ष द्या. बऱ्याच एअर रायफलींना तोंडाशी चोक असतो, नळी शेवटी थोडी अरुंद केलेली असते, आणि तिथं पोचला की तुकडा परत घट्ट होतो, हाताला ते स्पष्ट कळतं. म्हणून दोन तुकडे करा. एक चोकच्या अलीकडं थांबवून पुढून रॉड घालून मागं काढायचा, तोंडाच्या कडेला धक्का न लावता. दुसरा तोंडातून पूर्ण बाहेर. पहिल्यावर नळीचं माप, दुसऱ्यावर चोकचं. तुकडा मधे अडकला तर छर्रा मारून काढायचा विचारसुद्धा करू नका.

मोजायला व्हर्निअर नाही चालत, त्याचं लीस्ट काउंट, म्हणजे मोजता येणारं सगळ्यात लहान माप, बहुतेक ०.०२ मिमी असतं आणि आपला सगळा खेळ ०.०१ चा. ०-२५ मिमीचा मायक्रोमीटर लागतो, एमआयडीसीत कुठल्याही लेथवाल्याकडं मिळेल, विकत घ्यायची गरज नाही, टर्नरला सांगितलं तर तोच हौसेनं मोजून देतो. जबडे कागदानं पुसा, झिरो बघा, आणि फक्त रॅचेट, म्हणजे टोकाची टकटक करणारी मूठ, फिरवून मोजा, शिसं मऊ असतं, हातानं आवळलं की दबलंच. तुकड्यावरचे उंच पट्टे म्हणजे नळीच्या खाचा, त्या पट्ट्यांवरून समोरासमोर मोजायचं, फिरवून फिरवून. पट्टे मोजून बघा, सम असतील तर समोरासमोर येतात, ५ किंवा ७ असले की साध्या मायक्रोमीटरचं माप कमी येतं, त्याला व्ही-अँव्हिलचा, म्हणजे इंग्रजी व्ही आकाराच्या खोबणीच्या जबड्याचा, मायक्रोमीटर लागतो. उन्हाळ्याचं टेन्शन घेऊ नका, २० अंशाच्या फरकानं एवढ्याशा शिशाला ०.००३ मिमीसुद्धा फरक पडत नाही.

हे झालं खाचेचं माप. उंचवट्याचं माप साध्या मायक्रोमीटरनं मिळत नाही, जबडा खाली पोचतच नाही. त्यावर सोपा उपाय म्हणजे छर्राच ढकलून बघायचा. ४.५० आणि ४.५२ चे थोडे थोडे छर्रे कुणाकडून तरी मागून घ्या, एकेक नळीतून रॉडनं अलगद बाहेर काढा, खाली मऊ कपडा ठेवून. मग घड्याळजीच्या भिंगाखाली धरा. डोक्याच्या कडेला सगळ्या बाजूंनी बारीक, सारख्या रेघा दिसल्या तर माप बसलं. एकाच बाजूला रेघा म्हणजे डोकं सैल आहे, छर्रा तिरका चाललाय. रेघा खोल रुतल्यात आणि ढकलताना जोर लागला तर मोठं. आणि तुमच्या तुकड्याचं माप मोठं आलं असेल तर थेट मोठ्या डोक्यापासून सुरुवात करा.

शेवटचा निकाल मात्र नेमबाजीच्या कार्डावरच. तेल पूर्ण पुसा, नाहीतर स्प्रिंग रायफलमध्ये तेल पेटून स्पीड बिघडतो. नळी परत सरावायला काही छर्रे असेच मारा, मग रायफल टेकवून १० मीटरवर पाच-पाच छर्र्यांचे ग्रुप घ्या. मॅच कार्डावरचा दहाचा ठिपका फक्त अर्ध्या मिमीचा असतो, त्यामुळं एकाच ग्रुपवर भाळू नका, प्रत्येक मापाचे निदान चार-पाच तरी घ्या. जे माप जिंकेल त्याचा लॉट नंबर तुकड्याच्या मापासोबत वहीत लिहून ठेवा, नवीन डबा घेताना लॉट बदलला असेल तर भिंगाची परीक्षा परत करायची. आणि हे सगळं स्वयंपाकघरात नको, लहान पोरं लांब ठेवा, उठल्यावर हात साबणानं धुवूनच पाण्याला शिवा, शिसं पोटात गेलेलं चांगलं नाही.